चावी आत, आपण बाहेर

स्मरणिकेत सहसा धम्म, चळवळ, शिक्षण आणि समाजाची वाटचाल या विषयांवर लेख असतात. त्यांच्या शेजारी मोटारीच्या चावीवरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपल्या वस्त्यांचे रूप पालटले आहे. ज्या घरात एकेकाळी सायकल घेणे हीच मोठी गोष्ट होती, त्या घराच्या दारात आज कर्जाचे हप्ते भरून घेतलेली चारचाकी उभी असते. आपले कित्येक तरुण टॅक्सी, जीप, टेंपो किंवा शाळेची व्हॅन चालवून संसार सांभाळतात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड अशा ठिकाणी आपण कुटुंबासह गाडीने जातो, गर्दीपासून दूर कुठेतरी गाडी लावतो आणि मैलभर चालत जातो. अशा वेळी गाडीची चावी आत राहिली आणि दारे बंद झाली, तर काय होते हे ज्यांच्यावर प्रसंग आला आहे त्यांना विचारावे.

बहुतेक वेळा हा प्रसंग वेळेचा आणि पैशाचा अपव्यय करून संपतो. भाड्याची गाडी चालवणाऱ्या बांधवाची मात्र त्यात दिवसाची कमाई जाते. आणि आत लहान मूल असेल तर हाच प्रसंग काही मिनिटांत जीवघेणा होतो. म्हणून हा विषय क्षुल्लक समजू नये. सुदैवाने तो टाळण्यासाठी फार पैसा किंवा फार हुशारी लागत नाही. कुलूप कसे चालते हे समजून घेणे आणि एक साधी सवय अंगी बाणवणे, एवढेच पुरेसे आहे.

कुलूप लागते कसे?

मोटारीच्या दारात दोन वेगवेगळे भाग असतात. पहिला भाग म्हणजे कडी. दार लोटले की ती आपोआप अडकते आणि दार बंद राहते. दुसरा भाग म्हणजे कुलूप. ते बाहेरचे हँडल आणि कडी यांचा संबंध तोडते. कुलूप लागल्यावर बाहेरून हँडल कितीही ओढले तरी कडी सुटत नाही. फ्लॅटच्या दाराचे लॅच जसे दार ओढताच लागते, पण उघडायला चावी लागते, तसाच हा प्रकार आहे. लावताना चावीची गरज नाही, उघडताना मात्र आहे. सगळी अडचण या एका फरकातून निर्माण होते.

जुन्या गाड्यांत हे काम हाताने होत असे. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि १९८३ च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली मारुती ८०० या गाड्या ज्यांनी चालवल्या, त्यांना दाराचे आतले कुलूप हाताने लावून दार लोटण्याची पद्धत आठवत असेल. पुढे बऱ्याच गाड्यांत चालकाच्या दारासाठी एक युक्ती केलेली असे. आतून कुलूप लावून ते दार नुसते लोटले तर कुलूप लागत नसे. बाहेरचे हँडल उचलून धरून दार लोटले तरच ते लागे. चालकाची चावी आत राहू नये यासाठीच ही तजवीज होती. पण माणसाला सवय लागली की हातच विचार न करता हँडल उचलून धरतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेली युक्तीही सवयीपुढे निष्प्रभ ठरते. आता त्या गाड्या इतिहासजमा झाल्या आहेत. अ‍ॅम्बेसेडर आणि मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले आणि मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निवृत्त झाली. चावी आत राहण्याची अडचण मात्र संपलेली नाही. तिने केवळ रूप बदलले आहे.

नव्या गाड्यांत प्रत्येक दारात एक छोटी विजेची मोटर असते. एक खटका दाबला की चारही दारांची कुलपे एकदम लागतात. याला सेंट्रल लॉकिंग म्हणतात. सोय मोठी आहे, परंतु पूर्वी चालकाचे दार बंद झाले तरी मागचे एखादे दार उघडे सापडण्याची आशा असे, ती आता राहिली नाही. एक चूक चारही दारांना लागू होते.

त्यातही काही बारकावे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. अनेक गाड्यांत रिमोटने कुलूप उघडले आणि साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडले नाही, तर गाडी स्वतःहून पुन्हा कुलूप लावून घेते. चुकून बटण दाबले गेल्यास गाडी उघडी राहू नये, हा त्यामागचा हेतू. परंतु काही गाड्यांत डिकी उघडणे हे दार उघडणे मानले जात नाही. मग असे होते की आपण रिमोट दाबतो, डिकी उघडतो, दोन्ही हातांनी पिशव्या आत ठेवताना चावीही तिथेच ठेवतो आणि डिकी लोटतो. तोपर्यंत दारांची कुलपे पुन्हा लागलेली असतात.

काही गाड्या वेग घेताच दारांची कुलपे लावतात. इंजिन बंद केल्यावर ती काही गाड्यांत आपोआप उघडतात, काहींत उघडत नाहीत. इंजिन चालू ठेवून फाटक उघडायला किंवा चाक पाहायला खाली उतरण्याची सवय म्हणूनच धोक्याची आहे. चावी स्टिअरिंगपाशी, इंजिन चालू, दार बंद आणि आपण रस्त्यावर, अशी अवस्था व्हायला वेळ लागत नाही.

खिशातली चावी बाहेर न काढता उघडणाऱ्या गाड्याही आता सर्वत्र दिसतात. चावी आत असल्याचे ओळखून अशी गाडी बहुधा कुलूप लावायला नकार देते किंवा आवाज करून सावध करते. परंतु ही ओळख चावीतून येणाऱ्या रेडिओ लहरींवर अवलंबून असते. चावीतला सेल क्षीण झाला असेल, किंवा चावी धातूच्या डब्यात अथवा डिकीतल्या सामानाखाली असेल, तर गाडी फसू शकते. यंत्र सावध आहे म्हणून माणसाने बेसावध राहावे असे नाही.

बाहेर अडकण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्यात चावी आपल्या हातातच असते. गाडी महिनाभर उभी राहिली आणि बॅटरी उतरली, किंवा रिमोटचा सेल संपला, तर बटण दाबूनही काही होत नाही. पुष्कळ जण येथे घाबरून मेकॅनिक शोधू लागतात. वास्तविक चालकाच्या दाराला बहुतेक गाड्यांत चावीचे भोक असते आणि तेथील कुलूप विजेशिवाय चालते. बटणाच्या गाडीतही चावीच्या खोक्यात एक लहान धातूची चावी दडवलेली असते, आणि दाराचे भोक कधीकधी हँडलवरच्या छोट्या झाकणाखाली असते. आपल्या गाडीचे भोक कुठे आहे आणि ही लपलेली चावी कशी काढायची, हे गाडी घेतली त्याच दिवशी करून पाहावे. अडचणीच्या वेळी अंधारात ते शोधू नये.

चूक नेमकी कधी होते?

नीट पाहिले तर चावी आत राहण्याचे प्रसंग ठरावीक असतात. हात सामानाने भरलेले असतात तेव्हा. फोन कानाला लावून आपण उतरतो तेव्हा. पाऊस कोसळत असतो आणि पटकन आडोसा गाठायचा असतो तेव्हा. मागे हॉर्न वाजत असतात आणि कुणीतरी "लवकर उतरा" म्हणत असते तेव्हा. मिरवणुकीच्या दिवशी, लग्नाच्या मांडवापाशी, रुग्णालयाच्या दारात, म्हणजे जिथे मन आधीच दुसरीकडे गेलेले असते तिथे. चालवणाऱ्याला बुद्धी कमी आहे म्हणून हे होत नाही. हात एक काम करतो आणि मन दुसऱ्या कामावर असते, म्हणून होते.

तथागत बुद्धांनी अप्रमादाला किती महत्त्व दिले हे आपण जाणतो. धम्मपदातला दुसरा वर्गच अप्पमादवग्ग आहे. सतिपट्ठान सुत्तात जाताना, येताना, उठता-बसता जागरूक राहण्याचा अभ्यास सांगितला आहे. हा अभ्यास विहारात डोळे मिटून बसण्यापुरता आहे असे समजणे चुकीचे होईल. गाडीतून उतरताना "माझ्या हातात आता काय आहे?" हे जाणणे, हाही त्याच जागरूकतेचा भाग आहे. दुसरी गोष्ट कार्यकारणभावाची. नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधणाऱ्याचीही चावी आत राहते आणि न बांधणाऱ्याचीही राहते. कारण दूर केले तरच परिणाम टळतो. म्हणून आता कारण कसे दूर करायचे ते पाहू.

अंगी बाणवायच्या सवयी

१) दार लोटण्यापूर्वी चावी डोळ्यांनी पाहावी. खिशात असेल असे मानू नये. चावी हातात घ्यावी, ती दिसली की मगच दार लोटावे. पहिले पंधरा दिवस हे मुद्दाम करावे लागते, पुढे हात आपोआप करू लागतो.

२) कुलूप नेहमी बाहेर उभे राहून, चावीने किंवा रिमोटनेच लावावे. दाराच्या आतला खटका दाबून दार लोटण्याची सवय पूर्णपणे सोडावी. हा एक नियम पाळला तर चावी आत राहणे जवळजवळ अशक्य होते, कारण कुलूप लावायलाच चावी बाहेर असावी लागते.

३) इंजिन बंद, चावी बाहेर, चावी खिशात हा क्रम मोडू नये. चावी सीटवर, डॅशबोर्डवर किंवा छतावर ठेवू नये. "एका मिनिटापुरते" असे म्हणूनच ती तेथे ठेवली जाते.

४) डिकीत सामान ठेवताना चावी खिशात घालावी, मग पिशव्या उचलाव्यात. डिकीच्या तळावर चावी ठेवायचीच नाही असा नियम करावा.

५) इंजिन चालू ठेवून उतरू नये. उतरणे भागच पडले तर चालकाच्या दाराची काच पूर्ण खाली करावी आणि मग उतरावे.

६) गाडीची चावी मुलाला खेळायला देऊ नये. रडणारे मूल चावीच्या खुळखुळाटाने गप्प होते हे खरे. पण मूल आत असताना रिमोटचे बटण त्याच्याच बोटाखाली येते, हे विसरू नये.

७) चावीला ठसठशीत पट्टा किंवा मोठी कडी लावावी. खिशात ती नसेल तर लगेच जाणवले पाहिजे.

दुसरी चावी कुठे आहे?

नवी गाडी घेताना दोन चाव्या मिळतात. बहुतेक गाड्यांबरोबर चावीचा क्रमांक कोरलेला एक लहान बिल्लाही मिळतो. पुष्कळ घरांत हा बिल्ला पहिल्याच आठवड्यात हरवतो आणि दुसरी चावी कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे हे कुणालाच ठाऊक नसते. तो क्रमांक वहीत टिपून ठेवावा. चावी हरवल्यास त्यावरून नवी बनवणे सोपे जाते. दुसरी चावी जपण्याचे आणखी एक कारण म्हणजे विमा. गाडी चोरीला गेल्यावर नुकसानभरपाई मागताना विमा कंपन्या सर्वसाधारणपणे दोन्ही मूळ चाव्या मागतात. एक चावी दाखवता आली नाही तर दावा अडकू शकतो.

दुसरी चावी घरी ठेवावी. तिची जागा घरातल्या किमान दोघांना माहीत असावी. लांबच्या प्रवासाला निघताना ती बरोबर घ्यावी, पण गाडीतल्या बॅगेत ठेवू नये. ती चालकाखेरीज दुसऱ्या माणसाच्या खिशात असावी. पतीने गाडी चालवली तर पत्नीच्या पर्समध्ये, मुलीने चालवली तर आईच्या जवळ. एकाच पिशवीत दोन्ही चाव्या असतील तर दोन असून नसल्यासारख्याच. गाडीच्या खाली चुंबकाने चावी चिकटवून ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर मानू नये. आपल्याला सापडणारी जागा चोरालाही सापडते.

डुप्लिकेट चावीबद्दल एक गैरसमज आहे. आजच्या बऱ्याच गाड्यांच्या चावीत एक सूक्ष्म चिप असते. ती गाडीने ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. त्यामुळे कोपऱ्यावरच्या चावीवाल्याकडून नुसती धातूची चावी कापून घेतली तर तिने इंजिन सुरू होणार नाही, म्हणून लोक ती निरुपयोगी समजतात. परंतु जिथे दार चावीने उघडते तिथे ती दार उघडू शकते, आणि मूळ चावी आतच असल्याने आपले काम तेवढ्यावर भागते. खर्चही चिपच्या चावीपेक्षा कितीतरी कमी. मात्र अशी चावी ओळखीच्या, दुकान मांडून बसलेल्या माणसाकडूनच करून घ्यावी आणि आपल्या समोर करून घ्यावी. काही गाड्यांत अशा चावीने दार उघडल्यावर भोंगा वाजू लागतो, त्याने गोंधळून जाऊ नये.

अडकलोच तर काय करावे?

प्रथम शांतपणे चारही दारे आणि डिकी तपासावी. घाईत माणूस चालकाचेच दार दहा वेळा ओढतो आणि मागचे उघडे दार तसेच राहते. त्यानंतर दुसरी चावी कुणाकडे आहे ते आठवावे. घर वीस किलोमीटरवर असले तरी रिक्षाने चावी मागवणे हे दार उचकटण्यापेक्षा स्वस्त पडते.

पण येथे एक अडचण येते. पुष्कळदा चावीबरोबर फोनही आतच राहिलेला असतो, आणि आजकाल कुणाचाच क्रमांक पाठ नसतो. म्हणून घरातल्या दोन माणसांचे क्रमांक तोंडपाठ असावेत आणि एका कागदावर लिहून पाकिटात ठेवावेत. विद्यार्थ्यांनी हे काम आजच करावे आणि आपल्या आजी-आजोबांकडूनही करून घ्यावे.

गाडीच्या विम्यात रस्त्यावरील मदतीची सोय घेतली असेल तर तो क्रमांकही त्याच कागदावर असावा. चावीवाल्याला बोलावल्यास गाडी आपली असल्याचा पुरावा त्याने मागितला पाहिजे, आणि मागितला तर रागावू नये. तो प्रामाणिक असल्याचीच ती खूण आहे. आरसी पुस्तक गाडीत अडकले असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन यांतील प्रत चालते. काम सुरू होण्यापूर्वी मजुरी ठरवून घ्यावी.

काय करू नये तेही सांगितले पाहिजे. स्क्रू-ड्रायव्हरने दाराची चौकट वाकवू नये. ती पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही आणि पावसाळ्यात पाणी आत येते. काचेच्या रबरातून लोखंडी पट्टी खाली घालण्याची जुनी युक्ती जुन्या गाड्यांत चालत असे. नव्या गाडीच्या दारात तारा, मोटर आणि काही गाड्यांत एअरबॅगचे भागही असतात, तेथे पट्टी फिरवणे म्हणजे मोठ्या खर्चाला आमंत्रण. जाणकार कारागीर हवा भरून फुगणारी छोटी पिशवी फटीत बसवून दार किंचित दूर करतो आणि सळईने आतला खटका दाबतो. ज्याचे काम त्याने करावे.

आत मूल असेल तर

येथपर्यंत सांगितलेले सर्व नियम वेळ आहे असे गृहीत धरून आहेत. आत मूल अडकले असेल तर वेळ नाही, आणि नियमही वेगळे.

उन्हात उभी असलेली बंद गाडी भट्टीसारखी तापते. ऊन काचेतून आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापवते, आणि आतली गरम हवा बाहेर जाऊ शकत नाही. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाहेरचे तापमान २२ ते ३६ अंश सेल्सिअस असताना बंद गाडीतले तापमान एका तासात सरासरी २२ अंशांनी वाढल्याचे आढळले. त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच थोडी खाली ठेवल्यानेही फारसा फरक पडला नाही. आता आपल्या नागपूर-चंद्रपूरकडचा उन्हाळा डोळ्यांसमोर आणावा, जिथे सावलीतच पारा ४५ अंशांपर्यंत जातो. लहान मुलाचे शरीर मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले की उष्माघाताचा धोका सुरू होतो. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत "मूल झोपले आहे, झोपू दे गाडीत" असे म्हणण्यापूर्वी हे आकडे आठवावेत.

हे केवळ परदेशातले प्रकार नाहीत. जून २०२३ मध्ये नागपुरातील पाचपावली भागात खेळायला गेलेली तीन लहान मुले घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. मे २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील विजयनगरम जिल्ह्यात द्वारपुडी गावी चार मुले उभ्या गाडीत अडकून मरण पावली. अशा घटनांत मुले खेळता खेळता उघड्या गाडीत शिरतात, दार बंद होते आणि त्यांना ते उघडता येत नाही. मागच्या दारांना मुलांसाठी असलेले चाइल्ड लॉक लावलेले असेल तर ते दार आतून उघडतच नाही.

म्हणून आत मूल दिसले आणि दार लगेच उघडत नसेल, तर चावीवाल्याची वाट पाहू नये. एकाने ११२ क्रमांकावर फोन करावा आणि त्याच वेळी दुसऱ्याने काच फोडावी. समोरची मोठी काच फोडू नये, ती दोन थरांची असते आणि तडकली तरी जागा सोडत नाही. बाजूच्या दाराची काच घ्यावी, तीही मुलापासून सर्वांत दूर असलेली. घाव मधोमध न घालता काचेच्या कोपऱ्याजवळ घालावा. जॅकची दांडी, चाकाचा पाना, हातोडी किंवा टोकदार दगड, जे हाती लागेल ते वापरावे. हाताला कापड गुंडाळावे, तोंड बाजूला करावे. ही काच फुटल्यावर बारीक दाण्यांसारखी होते. एक काच फुटत नसेल तर दुसरी घ्यावी. मुलाला बाहेर काढल्यावर सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, ओल्या कापडाने अंग पुसावे, वारा घालावा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नये.

परक्याची गाडी असेल तर हात कचरतो. काच फोडली तर बालंट आपल्यावरच येईल ही धास्ती आपल्या वस्तीतल्या माणसाला अधिक वाटते, आणि तिला अनुभवाचा आधार आहे हे नाकारून चालणार नाही. परंतु १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम १९ या बाबतीत माहीत असावे. मोठी हानी टाळण्यासाठी, गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने केलेल्या कृत्याला त्यात संरक्षण आहे. आधी ११२ ला कळवणे, आजूबाजूच्या चार जणांना हाक मारणे आणि मूल आत असल्याचा एक फोटो काढायला कुणाला तरी सांगणे, एवढे केले की पुरावाही राहतो. फोटोसाठी घाव मात्र थांबवू नये.

मुलांना शिकवावे, गाड्यांना कुलूप लावावे

मोटार घरी असो वा नसो, प्रत्येक घरातल्या मुलाला तीन गोष्टी शिकवाव्यात. गाडीत अडकल्यास पुढच्या सीटवर यायचे. पुढच्या दाराचा आतला खटका आणि हँडल ओढायचे. दार उघडले नाही तर हॉर्न वाजवत राहायचा. बहुतेक गाड्यांत इंजिन बंद असले तरी हॉर्न वाजतो. उभ्या गाडीत एकदा मुलाला हे प्रत्यक्ष करायला लावावे, आपण शेजारी बसून. तोंडी सांगितलेले मूल विसरते, हाताने केलेले विसरत नाही.

त्याचबरोबर उभी गाडी उघडी ठेवू नये, अंगणातली असली तरी. वस्तीत वर्षानुवर्षे पडून असलेल्या, टायर बसलेल्या गाड्या मुलांना घरासारख्या वाटतात. त्यांची दारे कुलूपबंद असावीत, कुलूप चालत नसेल तर दार तारेने किंवा साखळीने पक्के बांधावे, आणि मालक सापडत नसेल तर नगरपालिकेला लेखी अर्ज देऊन गाडी हलवून घ्यावी. एक-दोन कार्यकर्त्यांनी रविवारी सकाळी वस्तीत फेरी मारून अशा गाड्यांची यादी केली तर हे काम महिन्याभरात होण्यासारखे आहे.

मंडळाच्या वतीने दीक्षाभूमीला किंवा अन्यत्र गाड्या निघतात तेव्हा प्रत्येक गाडीची दुसरी चावी त्या गाडीतल्या एका जबाबदार प्रवाशाकडे सोपवावी आणि चालकाचे व त्या प्रवाशाचे नाव व क्रमांक एका कागदावर लिहून तो कागद पुढच्या गाडीतल्या प्रमुखाकडे द्यावा. निघताना सामान मोजतो, माणसे मोजतो, त्यात चाव्याही मोजाव्यात. गाडी थांबल्यावर उतरणाऱ्यांपैकी शेवटच्या माणसाने मागच्या सीटवर एकदा नजर टाकावी, कुणी लहान मूल झोपलेले राहिले नाही ना ते पाहावे, आणि चालकाने चावी हातात धरून दाखवल्यावरच दारे लावावीत.

जयभीम!